सगळं एकदम, आणि तेही १ एप्रिललाच?

पत्राचा गोषवारा: पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड असलेल्या वाचक लिहितात, "आमचं मुख्य उत्पादन म्हणजे सहकारी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर. ४६ संस्था ते वापरतात. कोड बारा-तेरा वर्षांचा, पीएचपी ५.६ या प्रोग्रॅमिंग भाषेतला आणि मायएसक्यूएल डेटाबेसवरचा. मूळ लिहिणाऱ्यांपैकी आता कुणीही कंपनीत नाही. एक दुरुस्त करावं तर दुसरीकडे काहीतरी मोडतं. आम्ही सात जण, त्यातले तिघं कायम सपोर्टला. सर म्हणतात, रोज ठिगळं लावण्यापेक्षा एकदाच पाडून नवं बांधू. दीड वर्ष घ्या आणि १ एप्रिलला सगळ्या संस्था एकदम नव्यावर नेऊ. टीममधल्या दोन तरुण मुलांनाही तेच हवंय. मला थोडंथोडं बदलत जाणं सुरक्षित वाटतं. पण तसं म्हटलं की 'मॅडम घाबरतात' असा शिक्का बसतो. बरोबर कोण?"

सरांच्या 'पाडून बांधू'पासूनच सुरू करू. पुण्या-मुंबईत इमारत पुनर्विकासाला गेली की रहिवासी भाडं घेऊन दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे राहायला जातात आणि मगच जुनी इमारत पडते. तुमच्या ४६ संस्थांचे कॅशियर कुठे राहायला जाणार? ते जुन्याच इमारतीत राहणार, तिथले नळ गळणार, तिथलाच जिना दुरुस्त करावा लागणार, आणि शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहणार. म्हणजे सात माणसांत दीड वर्ष दोन इमारती. सहकार खात्याने एखाद्या अहवालाचा नमुना बदलला की तो आधी जुन्यात बदलायचा, कारण संस्था तो उद्याच मागणार, आणि मग नव्यातही. कागदावर चौघं नव्या कामाला दिसतात; मार्चमध्ये फोन वाढले की त्यातले दोघं सपोर्टला ओढले जातात. दीड वर्षाची अडीच वर्षं होतात ती या हिशेबामुळे. त्यात मुलांच्या आळसाचा वाटा फार थोडा असतो.

आणि 'एकदम' हा शब्दही जरा तपासून घ्या. एकदम होतो तो फक्त शेवटचा दिवस. त्याआधीचे अठरा महिने नवा कोड एकाही कॅशियरच्या हाताखालून गेलेला नसतो. प्रत्येक चूक तिथे शांतपणे पडून राहते आणि सगळ्या मिळून एकाच सोमवारी सकाळी दहा वाजता बाहेर येतात. चुका कितीही असोत, त्या एकावेळी एक आल्या तर कारण सापडतं. दोनशे एकदम आल्या तर कोणती कशामुळे, हेच कळत नाही.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण सरांना दाखवण्यासारखं आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपले ५० लाखांहून अधिक ग्राहक जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर एका शनिवार-रविवारात नेले. डेटा नीट गेला, पण नवी प्रणाली खऱ्या गर्दीखाली कोलमडली. ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. त्यांच्याकडे माणसं आणि पैसा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. कमी होती ती मागे फिरायची वाट.

आता तुमच्या बाजूकडे वळते, कारण तुमच्याही म्हणण्यात एक गोष्ट न तपासता धरलेली आहे. 'थोडंथोडं म्हणजे सुरक्षित' हे आपोआप खरं होत नाही. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने नवा कोड एकेक करत आठ सर्व्हरवर चढवला. सातांवर गेला, आठव्यावर राहिला. नव्या कोडने एक जुनाच फ्लॅग (चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी वापरला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने जागं केलं ते २००३ पासून न वापरलेलं पण कुणी न काढलेलं जुनं फंक्शन. १ ऑगस्टला सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं आणि कंपनी स्वतंत्र म्हणून फार काळ उरली नाही. तिथे बदल लहानच होता. पण जुनं उचलून टाकलं नव्हतं आणि सगळीकडे सारखं पोचलंय का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

त्याहून सर्रास दिसणारं दुखणं म्हणजे अर्धवटपणा. निम्मे स्क्रीन नवे, निम्मे जुने, दोन लॉगिन, दोन प्रकारचे रिपोर्ट, आणि तीन वर्षांनी आलेला नवा मुलगा विचारतो, "खरं कुठलं?" सरांना ठिगळांचा कंटाळा आलाय तो याचाच, आणि त्यांचा राग खोटा नाही. म्हणून तुम्ही मांडाल त्या योजनेत प्रत्येक नव्या भागासोबत जुनी फाइल कधी काढणार, ती तारीख हवी. प्रगती मोजायची ती किती जुन्या फाइली कायमच्या गेल्या यावर.

तेव्हा सरांशी बोलताना 'एकदम की थोडंथोडं' हा वाद बाजूला ठेवा आणि दुसरा प्रश्न टेबलावर ठेवा: हे चुकलं तर किती संस्थांना कळेल, आणि मागे यायला किती वेळ लागेल? 'एका संस्थेला, दोन मिनिटं' असं उत्तर असेल तर बदल मोठा असला तरी करून टाका. 'सेहेचाळीसही संस्थांना, आणि दोन दिवसांची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) पुन्हा मारावी लागेल' असं असेल, तर तो आधी फोडा.

या प्रश्नामुळेच पहिलं काम कोडचं नाही, तर रिलीजचं, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याच्या पद्धतीचं आहे. लोक एकदम बदलाकडे का ओढले जातात? कारण प्रत्येक रिलीज त्रासाचा असतो. रात्री अकरानंतर फाइलझिलाने (फाइली सर्व्हरवर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरने) एकेक फाइल चढवायची, ४६ ठिकाणी, आणि सकाळपर्यंत जीव मुठीत. असा रिलीज महिन्यातून एकदाच परवडतो, मग त्या एकात सगळं कोंबलं जातं. हा खर्च खाली आणल्याशिवाय थोडंथोडं बदलायच्या गप्पा नुसत्या कागदावर राहतात. सगळा कोड गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आणा, सर्व्हरवर हाताने केलेल्या दुरुस्त्यांसकट. (त्या असतातच. प्रत्येक सर्व्हरवरच्या फाइलींची गिटमधल्या फाइलींशी तुलना केली की कुठल्या संस्थेसाठी कुणी काय परस्पर बदललंय ते बाहेर येतं.) मग प्रत्येक रिलीज वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि 'चालू' नावाची एक सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण) त्याकडे वळवा. मागे फिरायचं म्हणजे सिमलिंक आधीच्या फोल्डरकडे वळवायची, एका सेकंदाचं काम. यात एक हमखास फसगत होते: सिमलिंक बदलली तरी ओपकॅशमुळे (एकदा वाचलेला कोड मेमरीत धरून ठेवणारी सोय) पीएचपी जुनीच फाइल चालवत राहतं. म्हणून वळवल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करायचं, आणि ते स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवायचं, कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडायचं नाही. बॅकअप रोज घेत असाल. तो आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर चढवून त्यातून तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा) काढून बघा. चढवून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

दुसरं काम, कोणते स्क्रीन खरोखर वापरात आहेत ते मोजणं. प्रत्येक पानावर येणारी एखादी सामाईक फाइल असेलच. तिच्यात एक ओळ घाला, जी तारीख, संस्था, वापरणारा आणि फाइलचं नाव नोंदवेल. निदान एक तिमाही जाऊ द्या. बऱ्याच फाइली कुणी उघडतच नाही असं दिसेल, आणि त्या नव्याने लिहायचा प्रश्नच उरणार नाही. मात्र लाभांश वाटप, वर्षअखेरची व्याज तरतूद, लेखापरीक्षकाला लागणारे अहवाल वर्षातून एकदाच उघडतात. तीन महिन्यांत नोंद नाही म्हणून ते काढलेत, तर मार्चअखेरीस फोन येईल.

पीएचपी ५.६ चा मुद्दा मात्र सरांच्या बाजूने जातो. त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०१८ लाच थांबल्या, आणि लोकांच्या ठेवी ज्यावर मोजल्या जातात ते त्यावर चालू ठेवणं योग्य नाही. पण त्यासाठी पुनर्लेखन लागत नाही. अडतं ते मुख्यतः 'मायएसक्यूएल_'ने सुरू होणाऱ्या जुन्या फंक्शनांवर. ती पीएचपी ७ मध्ये काढून टाकली गेली. नावं आता मोकळी आहेत, तर त्याच नावांची फंक्शनं तुम्हीच एका फाइलमध्ये लिहा आणि आतून मायएसक्यूएलआय (त्याच कामाची नवी फंक्शनं) वापरा. जुनी फंक्शनं शेवटचं कनेक्शन आपोआप धरायची, म्हणून ते एका ग्लोबलमध्ये ठेवावं लागेल. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय चूक झाल्यावर 'फॉल्स' न देता थेट एक्सेप्शन फेकतं, म्हणजे कोड तिथेच थांबतो. जुना कोड 'फॉल्स'चीच वाट बघत असतो, म्हणून त्या फाइलमध्ये सुरुवातीला ते रिपोर्टिंग बंद करा. यामुळे शेकडो फाइलींना हात न लावता तुम्ही ७.४ पर्यंत येता. हा तात्पुरता टेकू आहे, आणि एसक्यूएल इंजेक्शनची (रकान्यातून आदेश घुसवून डेटाबेस फोडण्याची) भोकं त्याने बुजत नाहीत, हे मात्र लिहून ठेवा.

७.४ वरून ८ वर जाताना थांबून एक गोष्ट शोधा. पीएचपी ८ पूर्वी शून्याशी अक्षरांची तुलना केली तर 'ए-११२' बरोबर शून्य हे खरं ठरायचं. ८ मध्ये ते खोटं ठरतं. खाते क्रमांक शून्य आहे का, अशी तपासणी जिथे दोन बरोबर-चिन्हांनी केली असेल आणि काही संस्थांचे खाते क्रमांक अक्षराने सुरू होत असतील, तिथे कोणतीही चूक न दाखवता वागणूक बदलेल. कोडस्निफर या कोड तपासणाऱ्या साधनावर पीएचपीकंपॅटिबिलिटी हा नियमसंच चालवला की काढून टाकलेली फंक्शनं सापडतात. असली मुकी जागा त्याला दिसेलच असं नाही, ती हाताने शोधावी लागते.

मराठी नावांचंही असंच. त्या काळच्या कोडमध्ये टेबल लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरती जुनी पद्धत), कनेक्शन लॅटिन-१, आणि आत भरलेले बाइट युटीएफ-८ (मराठीही साठवणारी पद्धत) असं हमखास असतं. दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या असल्यामुळे नाव स्क्रीनवर बरोबर दिसतं. नव्या कनेक्शनला कुणी प्रामाणिकपणे युटीएफ-८ लावलं की सभासदांच्या यादीत कचरा दिसू लागतो. यावर उपाय म्हणजे रकाना आधी बायनरी प्रकारचा करायचा आणि मग युटीएफ-८एमबी४. मधली पायरी गाळली तर मायएसक्यूएल तो कचराच नेमाने रूपांतरित करून साठवतं. हे एकदा झालं की मागे जाणं कटकटीचं असतं, म्हणून आधी प्रतीवर करून बघा.

इथवर एकही स्क्रीन नवा झालेला नाही आणि तीन-चार महिने गेले असतील. सर विचारतील. त्यांना सांगा, आता नव्या कोडसाठी जागा तयार झाली. समोर एनजिनएक्स (पत्ता बघून मागणी योग्य ॲपकडे पाठवणारा सर्व्हर) ठेवा. अहवालांचे पत्ते नव्या ॲपकडे, बाकी सगळे जुन्याकडे. लॉगिन जुन्याचंच राहू द्या. फक्त सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) फाइलींतून काढून डेटाबेसच्या टेबलमध्ये न्या, म्हणजे दोन्ही ॲपना ते वाचता येईल. हे न केल्यामुळे 'नव्या पानावर गेलं की पुन्हा पासवर्ड मागतं' एवढ्या एका तक्रारीवर चांगली कामं नापसंत झालेली आहेत. अहवाल आधी घ्यायचे, कारण ते डेटा नुसता वाचतात. चुकले तर जुना अहवाल शेजारीच आहे. मग सभासद, ठेव योजना, व्याजदर यांचे मास्टर (मूळ माहितीचे तक्ते). रोजकीर्दीत लिहिणारे भाग सर्वांत शेवटी. तुमच्या दोन तरुण मुलांना इथे हवं ते नवं फ्रेमवर्क वापरू द्या, एकाच अटीवर की दोघांनी मिळून एकच निवडायचं.

खरी कसोटी डेटाबेसमध्ये लागते. तिथे मुंबईच्या लोकलने जे केलं ते करा. लोकल आधी १,५०० व्होल्ट डीसीवर चालायची, ती २५,००० व्होल्ट एसीवर न्यायची होती. गाड्या बंद ठेवायची सोय नव्हती. म्हणून आधी दोन्ही प्रकारच्या विजेवर धावणाऱ्या गाड्या आणल्या, मग मार्गाचा एकेक तुकडा एसीवर गेला, आणि गाडी मधल्या टप्प्यात एका विजेवरून दुसरीवर जात राहिली. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, हार्बरचं २०१६ मध्ये. त्यानंतर निव्वळ डीसीवरच्या गाड्या निवृत्त झाल्या. दोन्हींवर चालणारी गाडी बनवणं हा जास्तीचा खर्चच होता, पण त्यामुळे कुठलाही एक तुकडा अडला तरी बाकीची लोकल चालू राहत होती.

तुमच्याकडचा तुकडा घ्या: रक्कम. जुन्या कोडमध्ये ती 'डबल'मध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) असणार. एकेक आकडा बरोबर दिसतो, पण बेरीज-वजाबाकीत पैशाच्याही पुढचा अगदी बारीक शेष उरतो. 'स्क्रीनवर शिल्लक ०.०० दिसते पण खातं बंद होत नाही' ही तक्रार तुमच्या सपोर्टला ओळखीची असेल. ती इथून येते. हा रकाना 'डेसिमल' (दशांश अचूक साठवणारा प्रकार) करायचा आहे. थेट प्रकार बदललात तर मायएसक्यूएल पूर्ण टेबलची प्रत बनवतं आणि तोवर लिहिणं अडवून धरतं. म्हणून शेजारी नवा डेसिमल रकाना जोडा. जोडण्याआधी कोडमध्ये रकान्यांची नावं न देता केलेले इन्सर्ट (नवी ओळ भरण्याचे आदेश) शोधा, नाहीतर रकान्यांची संख्या जुळत नाही म्हणून ते सगळे त्याच क्षणी पडतील. मग ट्रिगर लावा, म्हणजे डेटाबेसमध्येच आपोआप चालणारा आदेश, जो जुन्या रकान्यात काही लिहिलं की दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन करून नव्यातही भरेल. कोडमध्ये लिहिणाऱ्या जागा पन्नास असतील आणि त्यातली एक तरी सुटतेच, त्यामुळे इथे ट्रिगरच बरा. जुन्या ओळी हजार-हजारच्या तुकड्यांत भरा, संस्था बंद असताना. रोज रात्री दोन्ही रकान्यांची तुलना करा. फरक अर्ध्या पैशाहून मोठा दिसला तर तो पूर्णांकनाचा नाही, काहीतरी वेगळं आहे. मग वाचणाऱ्या जागा एकेक करून नव्यावर न्या. सगळ्या गेल्या की ट्रिगरची दिशा उलटी करा: कोड नव्यात लिहील, ट्रिगर जुन्यात भरेल. एक महिनाअखेर आणि एक तिमाहीअखेर नीट गेली की जुना रकाना काढा. निदान चार रिलीज, आणि शेवटचा सोडून प्रत्येकातून मागे येता येतं. तो शेवटचाच लोक करत नाहीत. त्याची तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

व्याजाच्या कोडला हात लावण्याआधी त्याच्या आजच्या वागणुकीचा फोटो काढून ठेवा. नावं झाकलेला मागच्या वर्षाचा डेटा घ्या, जुन्या कोडने प्रत्येक ठेवीचं व्याज काढा, फाइलमध्ये ठेवा. नव्या कोडने तेच काढा आणि पैशापर्यंत ताडून बघा. उदाहरण देते. १२,३४५ रुपयांची ठेव, ८.५ टक्के, १ जानेवारी ते ३१ मार्च २०२४, दोन्ही दिवस धरून ९१ दिवस. ३६५ ने भागलं तर व्याज २६१.६१ रुपये, २०२४ लीप वर्ष म्हणून ३६६ ने भागलं तर २६०.९०. फरक ७१ पैशांचा. नवा मुलगा म्हणेल जुना कोड चुकतोय. चुकतही असेल, किंवा संस्थेचा ठराव तसा असेल. कोडमधली 'संस्था क्रमांक १७ असेल तर' अशी जी विचित्र ओळ बघून आपल्याला हसू येतं, ती कित्येकदा एखाद्या सचिवाने फोनवर भांडून करून घेतलेली असते आणि ती दुसऱ्या कुठल्याही कागदावर लिहिलेली नसते. त्यामुळे सापडलेला प्रत्येक फरक वहीत नोंदवा: नव्याची चूक, जुन्याची चूक, की पूर्णांकनाची पद्धत. आणि एक नियम कडक पाळा. जुन्याची चूक असली तरी स्थलांतर करताना ती तशीच नव्यात उतरवा. दुरुस्ती नंतर, वेगळ्या रिलीजमध्ये, संस्थेला लेखी कळवून. दोन्ही एकत्र केलंत तर तेरीज न जुळल्यावर कारण स्थलांतर की दुरुस्ती, हे शोधण्यातच आठवडा जाईल.

आता सरांचं १ एप्रिल. त्यांचं तर्कशास्त्र समजतं: वर्ष बदलतं, आरंभी शिल्लक घेतली की नवी खतावणी स्वच्छ सुरू. पण ३१ मार्चला संस्थेचा प्रत्येक माणूस वसुली, व्याज जमा आणि वर्षअखेर यांत बुडालेला असतो. नवा स्क्रीन शिकायला त्याला त्याहून वाईट आठवडा सापडणार नाही. शिवाय लेखापरीक्षण पुढे काही महिने चालतं आणि त्यात मार्चच्या नोंदी दुरुस्त होतात, म्हणजे एप्रिलमध्ये उचललेल्या आरंभी शिलकाही हलतात. लेखापरीक्षण उरकलेलं, वार्षिक सभेची धावपळ संपलेली आणि दिवाळी अजून दूर, असा महिना प्रत्येक संस्थेला विचारूनच ठरवा.

आणि संस्था एकेक करून न्या. इथे तुमचं आणि सरांचं जमू शकतं: एका संस्थेपुरता व्यवहाराचा भाग एकदम बदला, पण ४६ संस्था मात्र टप्प्याटप्प्याने. जीएसटीत दोन्ही तऱ्हा दिसल्या. कर १ जुलै २०१७ ला जम्मू-काश्मीर वगळता देशभर एकदम लागू झाला, कारण अर्ध्या व्यापाऱ्यांना जुना कर आणि अर्ध्यांना नवा असं चालणारच नव्हतं. ई-इनव्हॉइस मात्र उलाढालीप्रमाणे आलं: ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरचे, मग १००, ५०, २०, १०, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवरचे. सरकारने मोठ्यांपासून सुरुवात केली, कारण त्यांच्याकडे संगणक विभाग होते. तुम्ही उलट करा. पहिली संस्था एका शाखेची, जवळची, आणि सचिव फोन उचलणारा. मात्र अगदीच लहान नको. पिग्मी (एजंटामार्फत रोज गोळा होणारी लहान बचत), तारण कर्ज आणि आवर्त ठेव या तिन्ही असाव्यात, नाहीतर पहिल्या यशातून काहीच कळत नाही. दुसरी तिच्याहून वेगळी. पहिल्या तीन सावकाश, प्रत्येकीमध्ये एक महिनाअखेर जाऊ देत. नंतर आठवड्याला दोन-तीन जमतात. प्रत्येक संस्थेसाठी डेटाबेसमध्ये एक स्विच, आणि त्या स्विचला मुदत. सगळ्या संस्था गेल्या की स्विच आणि त्यामागचा जुना कोड एकत्रच काढायचे. जुन्या स्विचचं नाव दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. नाइट कॅपिटल तिथेच अडकली होती.

बदलाआधीचे दोन आठवडे रोज रात्री त्या संस्थेच्या डेटाची प्रत घ्या आणि नव्या कोडने दिवसअखेर आपोआप चालवा. हातावरची शिल्लक, पिग्मीची एकूण रक्कम आणि तेरीज जुन्याशी ताडा. कॅशियरला प्रत्येक व्हाउचर दोनदा मारायला सांगू नका. तो दोन दिवस मारेल, तिसऱ्या दिवशी थकेल, आणि मग दिसणारे फरक त्याच्या टायपिंगचे की तुमच्या कोडचे, हे ठरवता येणार नाही.

बदलाचा दिवस म्हणजे शनिवारची दिवसअखेर झाल्यावर. परतीची वेळ आधी कागदावर लिहा: 'रविवार दुपारी ४ पर्यंत तेरीज एका रुपयानेही जुळली नाही तर जुन्यावर परत', आणि निर्णय कोण घेणार त्या माणसाचं नाव. ऐनवेळी सगळे थकलेले असतात आणि 'अजून एक तास बघू' यातच सोमवार उजाडतो. आणखी एक: पिग्मी एजंट रविवारीही फिरतात. त्यांच्या मशीनमध्ये शनिवारची वसुली पडून राहिली आणि ती सोमवारी नव्यात उतरली, तर पावतीवरची तारीख आणि रोजकीर्दीतली तारीख वेगळी येते. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक मशीन रिकामं झाल्याची यादी सचिवाकडून सहीसकट घ्या, आणि त्या रविवारी वसुली न करण्याबद्दल एजंटांना आठवडाभर आधी सांगायला लावा.

पाडून बांधण्याजोगंही तुमच्याकडे काही असेल. एसएमएस पाठवणारा भाग, पासबुक छपाई, असे लहान तुकडे ज्यांना आत-बाहेर एकच दार आहे आणि जे दोन आठवड्यांत नव्याने लिहून होतात. ते सरळ टाकून नवे लिहा. ठिगळ लावत बसण्यात तिथे काही शहाणपण नाही, आणि सरांनाही काहीतरी पडलेलं बघायला मिळेल.

सरांकडे जाताना लांबलचक सादरीकरण नको. एका पानावर पहिल्या आठ आठवड्यांची कामं, प्रत्येकासमोर 'चुकलं तर किती संस्थांना, मागे यायला किती वेळ', आणि खाली एक ओळ: आज कोडमध्ये किती फाइली आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच पानावर नवा आकडा लिहून सरांच्या टेबलावर ठेवा.